लाख, राळ आणि सिमेंट: दागिन्याचा माल येतो कुठून?



आमच्या गटाच्या कपाटात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात साठ लॉकेटं आहेत. प्रत्येक लॉकेटात धानाची एक इवलीशी लोंबी. दिसायला फार गोड. पण हातात घेतलं की बोटाला चिकटतं. गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या वाणासाठी आम्ही ती केली होती. संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, उन्हाळा आला, तरी ती वाळली नाहीत. गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलेले ३,५०० रुपये त्या डब्यात पडून आहेत.

झालं असं, की आधी आम्ही रेझीनचा लहानसा तयार संच मागवून शिकलो होतो. दोन बाटल्या, एकीत रेझीन, दुसरीत हार्डनर. छान जमलं. मग ऑर्डर आली आणि आम्ही हिशेब केला. संच महाग पडत होता. जिल्ह्याच्या गावी एका दुकानात रेझीनचा मोठा कॅन स्वस्तात मिळाला. हार्डनर आमच्याकडे जुन्या संचातलं शिल्लक होतंच. दुकानदार भाऊंनी विचारलं, "ताई, कशाला लावायचं आहे? छताच्या पत्र्याला की टाकीला?" आम्ही म्हटलं, "नाही हो भाऊ, लॉकेटं करायची आहेत." ते हसले आणि त्यांनी कॅन दिला. आम्हीही हसलो.

खरं तर तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. त्या प्रश्नातच उत्तर होतं. तो माल छतासाठी आणि टाकीसाठीच बनलेला होता. आमच्या हार्डनरशी त्याचं नातंच नव्हतं.

त्या डब्यानं मला वाचायला बसवलं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण आमच्या पुस्तकांत लढाया होत्या, तह होते, बांगड्या नव्हत्या. आता शोधत गेले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. सोन्याचांदीचं सोडा, पण आपल्यासारख्या बायका ज्या स्वस्त मालाचे दागिने करतात आणि घालतात, तो माल बहुतेक वेळा दागिन्यासाठी जन्मलेला नसतो. तो कुठल्या तरी मोठ्या धंद्यासाठी बनतो, आणि त्यातला थोडासा दागिन्याच्या वाट्याला येतो. हे एकदा समजलं की माल कुठे शोधायचा तेही समजतं, आणि फसगत कुठे होते तेही.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. तुमच्यापैकी कुणी कधी बोरमाळ मोडायला सोनाराकडे गेली असेल, तर तिला ठाऊक असेल. सोनार मणी फोडतो, तापवतो आणि आतलं काळपट काहीतरी काढून टाकतो. मग म्हणतो, "बाई, लाखेचं वजन वजा केलं." आपल्याला वाटतं, फसवलं. पण लाख आत असतेच. बोरमाळेचे, मोहनमाळेचे मणी पोकळ, पातळ पत्र्याचे असतात. चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. म्हणजे आपल्या आजीच्या गळ्यात सोन्याच्या आत राळच होती. रेझीन म्हणजे दुसरं काय? राळ. सालाच्या झाडाची राळ आपण धुपात जाळतो. लाख ही किड्यानं दिलेली राळ.

आपल्या पूर्व विदर्भात लाख नवीन नाही. गोंदिया, गडचिरोलीच्या भागात पळसावर, कुसुमावर, बोरीवर लाखेचा किडा वाढतो. किडा म्हणजे अगदी बारीक, लालसर. कोवळ्या फांदीला चिकटतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेचं कवच करतो. असे हजारो किडे एकाशेजारी एक बसले की फांदीवर लाखेचा जाड थर येतो. शेतकरी ती फांदी कापतो आणि लाख खरवडून काढतो. थोड्या फांद्या बियाणं म्हणून ठेवतो आणि पुढच्या झाडाला बांधतो. पळसावरच्या आणि बोरीवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्या लाखेला कुसुमी. कुसुमी रंगानं फिकट, म्हणून तिला भाव जास्त.

ही काडीची लाख फोडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. सुतार त्याला चपडी म्हणतात. जुन्या सागवानी कपाटांवर जी चकाकी दिसते, ती स्पिरिटात विरघळवलेल्या चपडीची. आणि धुताना जे लाल पाणी निघतं, त्यापासून रंग करत. आपण पायाला जो अळिता लावतो, त्याचं मूळ तिथलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हा लाखेचा लाल रंग जहाजांनी विलायतेला जात असे. पुढे १८५६ नंतर तिकडे कारखान्यात रंग तयार होऊ लागले, आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. राळ मात्र टिकली.

या सगळ्यात बांगडी कुठे होती? होतीच. लाख निखाऱ्यावर मऊ करायची, लाटून तिची कांडी करायची, रंगीत लाखेचा हात द्यायचा आणि गरम असतानाच गोल करून जोडायची. जयपुरात मणिहारांचा रस्ता आजही त्यासाठी प्रसिद्ध आहे. हैदराबादेत चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांवर खडे बसवतात. आपल्या मध्य प्रांतातही लाखेच्या बांगड्या करणारे लखेरे होते. १९१६ साली निघालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे. पण बांगडीवाला हा लाखेचा लहान गिऱ्हाईक. मोठा गिऱ्हाईक दुसराच होता.

तो कोण? तर गाणं. तुमच्या आजोबांनी ग्रामोफोनच्या तबकड्या पाहिल्या असतील. काळ्या, जड, हातातून पडली की फुटणाऱ्या. त्या लाखेच्या होत्या. लाख, दगडाची बारीक भुकटी, थोडी काजळी आणि कापसाचे तंतू असं मिश्रण तापवून दाबत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी गायलेलं गाणं असो, की पुढे बालगंधर्वांची नाट्यपदं असोत, ज्या तबकडीवर ती घरोघरी पोचली तिच्यात पळसाकुसुमाच्या फांदीवरची लाख होती. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली. जंगलात फांद्या खरवडणाऱ्या बाईनं ते गाणं कधी ऐकलं असेल का, कुणास ठाऊक.

दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वीज. विजेच्या तारा आणि यंत्रं आली तशी वीज बाहेर झिरपू नये म्हणून आवरण लागू लागलं. त्यासाठीही लाखच वापरत. अमेरिका, युरोप सगळे लाख मागू लागले आणि लाख तर किड्याच्या गतीनंच तयार होणार. किड्याला कारखान्याची घाई कळत नाही. भाव वर खाली होत राहिले. इंग्रजांच्या काळात १९२४ साली रांचीजवळ नामकुम इथे लाखेवर संशोधन करणारी संस्थाच निघाली, यावरून तिचं महत्त्व लक्षात येतं. ती संस्था नाव बदलून आजही चालू आहे.

लाख पुरत नाही म्हटल्यावर तिची जागा घेणारा पदार्थ शोधायला माणसं लागली. त्यात एक होते लिओ बेकलंड. जन्मानं बेल्जियमचे, अमेरिकेत राहायचे. त्यांनी १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायनं एकत्र तापवून दाबून एक कडक पदार्थ बनवला. त्याचं नाव बेकेलाइट. आपल्या घरातली जुनी काळी बटणं, काळा टेलिफोन, कुकरचे दांडे हे सगळं त्याच घराण्यातलं. बेकेलाइट ही माणसानं पूर्णपणे रसायनांतून बनवलेली पहिली राळ. आणि ती शोधली गेली लाखेला पर्याय म्हणून! म्हणजे आपली लाख ही रेझीनची आजी म्हणायला हरकत नाही.

बेकेलाइट बनलं विजेच्या बटणांसाठी. पण लवकरच त्याच्या कांड्या आणि नळ्या कापून, कोरून बांगड्या होऊ लागल्या. १९३०च्या मंदीत अमेरिकेतल्या बायकांना सोनं परवडेनासं झालं, तेव्हा पिवळ्या, लाल, हिरव्या बेकेलाइटच्या बांगड्या खूप चालल्या. आज त्या जुन्या बांगड्या संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात.

त्याच्याही आधी सेल्युलॉइड आलं होतं. त्याची गोष्ट आणखी मजेची. बिलियर्डच्या खेळाचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महागलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन हयात नावाच्या माणसानं त्या नादानं प्रयोग केले आणि १८७०च्या सुमारास कापसापासून, कापूर घालून सेल्युलॉइड तयार केलं. चेंडूंपेक्षा त्याचे कंगवे, केसांचे आकडे आणि बांगड्याच जास्त खपल्या. पण हा पदार्थ भसकन पेट घेतो. सेल्युलॉइडच्या कारखान्यांत आगी लागल्या, माणसं मेली. वापरणारीला स्वस्त कंगवा मिळाला, आणि त्याची किंमत कंगवा बनवणाऱ्यानं मोजली. ही गोष्ट मनात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

लाखेचं पुढे काय झालं? १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लांब चालणारी तबकडी आली. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं लाखेच्या तबकड्या निघत होत्या, पण हळूहळू तेही थांबलं. विजेचं आवरणही प्लॅस्टिकनं घेतलं. एकेक मोठं गिऱ्हाईक गेलं. जंगलातल्या ज्या घरांचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च लाखेवर निघायचा, त्यांना या शोधांची नावंही कळली नसतील. त्यांना कळलं ते एवढंच, की व्यापारी यंदा भाव कमी देतो आहे. आज लाख गोळ्यांवरच्या आणि चॉकलेटच्या आवरणाला जाते, पॉलिशला जाते, थोडी बांगडीला जाते. भाव ठरवणारा आजही दूरच बसलेला असतो.

आता आपल्या रेझीनकडे येऊ. आपण ज्यात फुलं बसवतो ती राळ म्हणजे इपॉक्सी. तिचा जन्म कुठे झाला असेल? दातांच्या कवळीत! १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां नावाचे रसायनतज्ज्ञ दातांचं सामान करणाऱ्या एका कंपनीत काम करत होते. कवळीसाठी चांगला पदार्थ हवा होता. ओतता येईल, घट्ट होईल आणि घट्ट होताना आकसणार नाही असा. त्यांनी तो केला, पण कवळीच्या धंद्यात तो फारसा चालला नाही. मग सिबा नावाच्या कंपनीनं तो घेतला आणि १९४६ साली बाझेलच्या औद्योगिक प्रदर्शनात चिकटवण्याचा पदार्थ म्हणून मांडला. त्याचं बाजारातलं नाव ॲरल्डाइट. आपल्या घरी तुटलेली कपबशी जोडायला दोन नळ्यांतलं जे मलम एकत्र करतात, तेच ते. अमेरिकेतही त्याच सुमारास सिल्व्हन ग्रीनली यांनी रंगासाठी अशीच राळ बनवली. नंतर ही राळ विजेच्या मोटारींत, विमानांत, कारखान्यांच्या फरशीवर गेली. लॉकेटात ती आली ती सगळ्यांत शेवटी.

ॲरल्डाइटच्या दोन नळ्या आठवा. दोन का असतात? कारण इपॉक्सी वाळत नाही, ती जुळते. रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं. इपॉक्सीत काही उडून जायचं नसतं. रेझीनचे कण आणि हार्डनरचे कण एकमेकांचे हात धरतात आणि जाळं विणलं जातं. म्हणून प्रमाण नेमकं लागतं. कुठल्या कंपनीचं दोनास एक असतं, कुठलं एकास एक, कुठलं तीनास एक. कुठे वजनानं मोजायचं असतं, कुठे मापानं. "जास्त हार्डनर घातलं तर लवकर वाळेल" हा आपला स्वयंपाकघरातला अंदाज इथे चालत नाही. जोडीदार न मिळालेले कण तसेच मोकळे राहतात आणि माल चिकट राहतो.

आणि आमचा तो स्वस्त कॅन? ती इपॉक्सी नव्हतीच. ती पॉलिएस्टर राळ होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचेच्या तंतूंबरोबर ती वापरात आली. नावा, छतं, टाक्या तिच्याच होतात. तिला लागणारं हार्डनर वेगळं असतं, आणि तेही अगदी थोडं, शेकड्याला एकदोन भाग. आम्ही तिच्यात इपॉक्सीचं हार्डनर दोनास एक घातलं. दोघींची ओळखच नव्हती, तर हात कुणाचा धरणार? दोन्ही डब्यांवर रेझीनच लिहिलेलं. पण रेझीन हे आडनाव आहे, नाव नव्हे. आडनावावरून सोयरीक जमवली की असं होतं.

आता सिमेंट. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या नामांकित दगडासारखं दिसतं, असं त्याचं म्हणणं, म्हणून हे नाव. आजही गोणीवर तेच नाव असतं, वाचून बघा. आपल्याकडे तोवर चुना होता. चुना आणि वाळू घाणीत दळायची, घाणीला बैल जुंपायचे, आणि त्या चुन्यात वाडे, देवळं, किल्ले बांधायचे. भारतात पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली.

पण सिमेंट सहज मिळत नव्हतं. माझे वडील सांगतात, घराची भिंत घालायची तर सिमेंटच्या परमिटसाठी तालुक्याला खेटे घालावे लागत. महायुद्धापासून, मधला थोडा काळ सोडला तर, सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ साली थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. ज्या काळात दहा गोण्यांसाठी अर्ज करावा लागे, त्या काळात कुणी सिमेंटचे कानातले करीन म्हटलं असतं तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. वस्तू मुबलक झाली की मगच ती दागिन्याच्या वाट्याला येते. सिमेंटच्या दागिन्यांची आवड तर अगदी अलीकडची.

सिमेंटही वाळत नाही बरं का. तेही जुळतंच, पण पाण्याशी. म्हणून गवंडी स्लॅबवर पाणी मारतो, आळी करून पाणी साठवतो. आमच्या सुरुवातीच्या कानातल्यांना कडेनं भेगा पडायच्या, कारण आम्ही ते उन्हात वाळवायचो! आमच्या गटातल्या एक काकू बांधकामावर मजुरीला जायच्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, पाणी पाज त्याला. उन्हात काय ठेवते?" तेव्हापासून साचा एक दिवस प्लॅस्टिकखाली झाकतो आणि काढलेला नग सात दिवस पाण्यात ठेवतो. भेगा गेल्या. पुस्तकात मला जे सापडायला महिना लागला असता, ते काकूंच्या हातात होतं.

आता मघाची गोष्ट पुढे नेते. सेल्युलॉइडच्या आगीची.

आमच्या गटातल्या एका ताईचा हात फार स्वच्छ. लोंबी बसवायची तर तिनंच बसवावी. चारपाच महिने तिनं उघड्या हातांनी काम केलं. मग बोटांना खाज सुटली. मग पुरळ आलं. एके दिवशी सकाळी पापण्या सुजल्या, डोळे उघडेनात. डॉक्टरांनी सांगितलं, हार्डनरची ॲलर्जी आहे. आणि ही ॲलर्जी अशी असते की एकदा शरीरानं धरली की सहसा सोडत नाही. पुढे अगदी थेंबभर लागलं तरी पुन्हा उठते. तिचं रेझीनचं काम कायमचं बंद झालं. आता ती आकडे लावते, पॅकिंग करते, हिशेबाची वही बघते. ती कुरकुर करत नाही, पण लोंबी बसवताना आम्हाला बघते तेव्हा मला कसंतरी होतं. मी समन्वयक होते. बाटलीवर हातमोज्यांचं चित्र होतं. ते मीही पाहिलं होतं.

चूक कुठे झाली? रेझीनच्या बाटलीवरच्या सूचना मुळात कारखान्यातल्या कामगारासाठी लिहिलेल्या असतात. तिथे खिडक्या, पंखे, हातमोजे, देखरेख असं सगळं असतं असं धरलेलं असतं. आपण तोच माल स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणतो, शेजारी लेकरू खेळत असतं. माल मोठ्या धंद्यातून आपल्याकडे येतो, पण त्या धंद्यातली काळजी सोबत येत नाही. ती आपल्याला वेगळी आणावी लागते.

तर आता माल शोधायचा कसा? आमच्या गटानं ठरवलेलं सांगते.

पहिलं, पदार्थाचं मोठं गिऱ्हाईक कोण ते शोधा आणि तो जिथून घेतो तिथे जा. पांढरा सिमेंट टाइल्सच्या फटी भरायला लागतो, म्हणून तो हार्डवेअरच्या किंवा टाइल्सच्या दुकानात मिळतो. एक किंवा पाच किलोची बंद पिशवी घ्या. फोडलेल्या गोणीतला सुटा घेऊ नका, हवेतल्या ओलाव्यानं तो आधीच जुळायला लागलेला असतो. बंद गोणीवरची तारीखही तीन महिन्यांच्या आतली बघा. बारीक वाळूऐवजी संगमरवराची भुकटी चालते, ती फरशी कापणाऱ्यांकडे विचारा. बारीक घासकागद आणि कानशी सोनाराला सामान पुरवणाऱ्या दुकानात चांगल्या मिळतात. पॉलिशचे बारीक ब्रश कवळ्या बनवणाऱ्यांकडे असतात, ते कुठून घेतात ते विचारा. कानातल्याचे आकडे, कड्या, साखळ्या नागपूरला इतवारीत, पुण्याला बोहरी आळीत, मुंबईला भुलेश्वरला घाऊक मिळतात. एकटीनं जाऊ नका, दोनतीन गटांची यादी एकत्र करून जा. भाडं वाटलं जातं आणि घाऊक भाव मिळतो.

दुसरं, दुकानात नुसतं रेझीन मागू नका. "इपॉक्सी आहे की पॉलिएस्टर?" हे विचारा. रेझीन आणि हार्डनर एकाच कंपनीचं, एकाच जोडीचं घ्या. प्रमाण वजनाचं की मापाचं ते वाचा. तारीख आणि बॅच नंबर बघा. पक्कं बिल घ्या. पहिल्यांदा लहान बाटलीच घ्या आणि ऑर्डर घेण्याआधी दोन नग करून दोन दिवस थांबा. आमचे ३,५०० रुपये दोन नगांत वाचले असते.

तिसरं, दुकानदाराकडे मालाचा सुरक्षा कागद मागा. सेफ्टी शीट म्हटलं की कळतं. तो इंग्रजीत असतो. गटातल्या एखादीची मुलगी कॉलेजात असेल, तिला बैठकीत सर्वांसमोर वाचून मराठीत सांगायला लावा. आम्ही तसं केलं. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, घासताना मास्क आणि पाण्यात भिजवून घासणं हे नियम आम्हाला तिथून मिळाले. हाताला लागलं तर थिनरनं पुसायचं नाही, साबण आणि पाणी. ओल्या सिमेंटलाही हातमोजे हवेतच, तेही कातडी खातं. स्वयंपाकाचा चमचा, वाटी या कामाला घ्यायची नाही आणि या कामाची परत स्वयंपाकाला न्यायची नाही.

चौथं, ऋतू बघा. पावसाळ्यात दमट हवेत इपॉक्सीवर पांढरट चिकट साय धरते. थंडीत रेझीन घट्ट होतं, बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावी. फूल किंवा लोंबी पूर्ण सुकलेली हवी, नाहीतर आत बुडबुडे येतात आणि पुढे काळं पडतं.

आणि पाचवं, हातमोजे, मास्क आणि फुकट गेलेले नग यांचा खर्च लॉकेटच्या किमतीत धरा. आम्ही धरत नव्हतो. म्हणून आमचं लॉकेट स्वस्त होतं. ते स्वस्त होतं कारण त्याची उरलेली किंमत ताईच्या हातांनी भरली होती.

बैठकीत एकीनं विचारलं, "मग ताई, सगळं सोडून लाखेच्याच बांगड्या का नाही करायच्या? झाडं तर आपल्याकडेच आहेत." प्रश्न चांगला होता. पण लाखेची बांगडी ही निखाऱ्यासमोर बसून वर्षानुवर्षं शिकायची कला आहे, आठ दिवसांच्या शिबिरात ती येत नाही. शिकायची असेल तर जे पिढ्यान्‌पिढ्या करतात त्यांच्याकडे जाऊन, त्यांना मानधन देऊन शिकावी लागेल. आम्ही ते वहीत लिहून ठेवलं आहे. अजून जमलेलं नाही.

साठ लॉकेटांचा डबा आम्ही टाकून दिलेला नाही. नवीन बाई गटात आली की आम्ही तो उघडतो. तिच्या हातात आधी हातमोजे देतो, मग एक लॉकेट देतो आणि म्हणतो, "दाबून बघ." बोट चिकटलं की ती विचारते, असं का झालं? मग आम्ही तिला लाखेपासून सांगायला सुरुवात करतो. हल्ली ते सांगायचं काम हिशेबाची वही बघणारी ताईच करते. ती माझ्यापेक्षा छान सांगते.

तुमच्या गटातही असा एखादा डबा असेल, तर तो लपवू नका. पुढच्या बैठकीत उघडा.